कोलकात्याच्या मैदानावरील तंबू

वाचकहो, कोलकात्यास जाणारा महाराष्ट्रीय प्रवासी बहुधा कालीघाट, दक्षिणेश्वर, बेलूर मठ, व्हिक्टोरिया स्मारक आणि वस्तुसंग्रहालय एवढे पाहून समाधानाने परततो. त्या यादीत आणखी एका स्थळाची भर घालावी, अशी आमची आपणांस सूचना आहे. तेथे शिल्प नाही, मूर्ती नाही, ऐतिहासिक वास्तू तर मुळीच नाही. आहे ते एवढेच: पावसाने हिरवेगार झालेले गवत, सभोवार लाकडी फळ्यांच्या पायऱ्या, आणि एका बाजूस एक बैठे, ठेंगणे बांधकाम. त्याला शहरातला लहानथोर प्रत्येकजण 'तंबू' म्हणतो. मोहन बागान, ईस्ट बेंगॉल आणि मोहमेडन स्पोर्टिंग या तीन फुटबॉल क्लबांची ही सरावाची मैदाने. शंभर वर्षांहून अधिक काळ बंगाली माणूस दिवसाचे काम आटोपून ज्या दिशेला पावले वळवीत आला, ती दिशा हीच.

जाणे आता फार सुलभ झाले आहे. मुंबईहून नागपूरमार्गे येणारी गाडी आपणांस हावड्यास उतरविते. पूर्वी तेथून पूल ओलांडून, गर्दीतून वाट काढीत यावे लागे. मार्च २०२४ पासून हुगळी नदीच्या पात्राखालून मेट्रो धावू लागली असून ती आपणांस थेट एस्प्लनेडला, म्हणजे धर्मतल्ल्याला आणून सोडते. तेथून पश्चिमेकडे, ईडन गार्डनच्या रोखाने चालू लागावे. ईडन गार्डनच्या दक्षिणेस, रेड रोड आणि किल्ला यांच्या आसपास, ही तिन्ही मैदाने एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. दुसऱ्या महायुद्धात याच रेड रोडचा उपयोग विमानांच्या धावपट्टीसारखा केला गेला होता.

या मैदानाला, बंगाली उच्चारात 'मयदान'ला, सहसा दुसऱ्या विशेषनामाची गरज पडत नाही. ज्या शहरात मैदान म्हटले की एकाच जागेचा बोध होतो, त्या शहराने त्या जागेवर किती जीव जडविला असेल याची कल्पना करावी. या मोकळ्या भूमीचा जन्म मात्र क्रीडेसाठी झालेला नाही. १७५७ मध्ये प्लासीची लढाई जिंकल्यानंतर इंग्रजांनी नवा फोर्ट विल्यम बांधावयास घेतला. तोफांच्या माऱ्यात आडोसा येऊ नये म्हणून गोविंदपूर हे गाव उठवून आणि सभोवारचे रान तोडून त्यांनी किल्ल्याभोवती सपाट पट्टा मोकळा केला. (येथे महाराष्ट्रीय वाचकांस किंचित संकोच वाटणे साहजिक आहे. त्याआधी पंधराच वर्षे, १७४२ मध्ये, नागपूरकर भोसल्यांच्या स्वारीच्या धास्तीने कोलकातेकरांनी शहराच्या कडेने 'मराठा खंदक' खणावयास घेतला होता, आणि 'बर्गी' या नावाने आपल्या पूर्वजांचा उल्लेख बंगाली आया अद्यापि अंगाईगीतात करतात. खंदक पुढे बुजवून त्यावर रस्ता झाला. फुटबॉलच्या तंबूत मात्र महाराष्ट्रीय पाहुण्यास या जुन्या प्रकरणाचा जाब कोणी विचारीत नाही.)

शत्रू पुढे कधी आलाच नाही. मोकळी भूमी तेवढी उरली, आणि ती सैन्याच्या ताब्यात राहिली. स्वातंत्र्यानंतरही ती संरक्षण खात्याकडेच आहे, आणि किल्ल्यात भारतीय सेनेच्या पूर्व विभागाचे मुख्य ठाणे आहे. सैन्याचा दंडक असा की मैदानावर कोणीही पक्की इमारत उठवावयाची नाही. क्लब कितीही नामांकित असो, त्याच्या सभासदांत उद्योगपती असोत की मंत्री, तो येथे पाहुणाच. म्हणून पहिल्या क्लबांनी खरोखरीचे कापडी तंबू ठोकले. कालांतराने कापडाच्या जागी लाकूड, पत्रे आणि विटा आल्या, आत पंखे आले, चषकांची कपाटे आली, तरी नाव तंबूच राहिले. वीट रचावयाची तरी परवानगी, दिवा लावावयाचा तरी परवानगी! कोलकात्याचा प्रेमिक या निर्बंधाविषयी कुरकुर करतो खरा, परंतु आम्हांस वाटते की या दंडकानेच मैदान वाचविले. एरवी अशा मोक्याच्या जागेवर आजवर किती मजले चढले असते हे मुंबईकर वाचकास सांगण्याची आवश्यकता नाही.

येथे भारतीयांचा फुटबॉल कसा सुरू झाला याची कथा बंगालात घरोघरी सांगतात. १८७७ साली नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी नावाचा आठ वर्षांचा मुलगा आईबरोबर घोडागाडीतून गंगास्नानास निघाला होता. मैदानात गोरे शिपाई चेंडू खेळत होते. मुलगा गाडीतून उतरून पाहू लागला, चेंडू घरंगळत त्याच्यापाशी आला, आणि त्याने तो पायाने परत लाथाडला. पुढे हेअर स्कूलमधील सोबत्यांकडून वर्गणी काढून त्याने चेंडू विकत आणला. तो निघाला रग्बीचा! प्रेसिडेन्सी कॉलेजातील प्राध्यापक स्टॅक यांनी मुलांची ही धडपड पाहिली, त्यांना खरा फुटबॉल मिळवून दिला आणि खेळाचे नियम शिकविले.

या नगेंद्रप्रसादांची दुसरी एक गोष्ट आम्हांस अधिक मोलाची वाटते. तरुणपणी त्यांनी वेलिंग्टन क्लब स्थापन केला. त्यात मणी दास या कुंभाराच्या मुलास त्यांनी घेताच वरच्या जातीच्या सभासदांनी हरकत घेतली. नगेंद्रप्रसादांनी मुलास काढले नाही, क्लबच मोडून टाकला. नंतर १८८७ मध्ये शोभाबाजार क्लब निघाला, त्यात जातीची अट नव्हती. याच शोभाबाजारने १८९२ साली ट्रेड्स कप स्पर्धेत ईस्ट सरे पलटणीचा पराभव केला. गोऱ्या पलटणीस भारतीय संघ हरवू शकतो हे तेथे प्रथम दिसून आले.

मोहन बागानचा जन्म १५ ऑगस्ट १८८९ चा. उत्तर कोलकात्यात फडियापुकुर भागात कीर्ती मित्र यांचा 'मोहन बागान व्हिला' नावाचा प्रशस्त वाडा होता. त्याच्या आवारात आसपासची मुले खेळत, म्हणून क्लबला बागेचे नाव मिळाले. परंतु स्वतःची भूमी नसलेल्या संस्थेस जी वणवण करावी लागते ती या क्लबासही चुकली नाही. वाड्याचे आवार सोडून श्यामपुकुर, तेथून श्याम स्क्वेअर, आणि १९०० च्या सुमारास प्रेसिडेन्सी कॉलेजच्या जोडीने मैदानावर एका तुकड्याचा वापर, अशी ती यात्रा आहे. त्याच सुमारास शैलेन बसू हे क्लबाचे कार्यवाह झाले. ते सैन्यात सुभेदार मेजर होते. बंगाली तरुणांची चपळाई गोऱ्यांच्या तोडीची आहे, दम मात्र नाही, हे त्यांनी ओळखले. धावणे, कवायत, शरीर कमावणे, वेळेवर हजर राहणे, हे सारे त्यांनी पलटणीच्या शिस्तीने सुरू केले. आज ज्याला 'प्रशिक्षण' असे भारदस्त नाव आहे, त्याचा या मैदानावरील पहिला पाठ तो होय.

त्या पाठाचे फळ २९ जुलै १९११ रोजी मिळाले. आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर पलटणीस २-१ असे हरविले. अकरांपैकी दहा खेळाडू अनवाणी होते, केवळ रेव्हरंड सुधीर चतर्जी यांच्या पायांत बूट होते. प्रथम गोल झाला तो गोऱ्यांचा. मग कर्णधार शिवदास भादुडी यांनी बरोबरी साधली आणि अखेरच्या मिनिटांत अभिलाष घोष यांनी विजयी गोल केला. प्रेक्षकांची संख्या साठ हजारांवर होती असे सांगतात. ज्यांना आत काही दिसत नव्हते अशांसाठी गोलसंख्या लिहून पतंग उडविले गेले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात वंगभंग रद्द करण्याची आणि राजधानीही दिल्लीस हलविण्याची घोषणा झाली. या तिन्ही घटना एका सूत्रात ओवून सांगण्याची बंगाल्यांस फार हौस आहे. इतिहासकारांनी भुवया उंचावल्या तरी ती हौस कमी होईल असे वाटत नाही.

या अकरा जणांकडे जरा निरखून पाहावे. शिवदास पशुवैद्यकीय खात्यात होते, अभिलाष घोष कॉलेजात शिकत होते, सुधीर चतर्जी प्राध्यापक होते. कोणाचाही चरितार्थ चेंडूवर नव्हता. सरावाचे मैदान डलहौसी चौकातील कचेऱ्यांपासून पायी येण्याजोगे होते म्हणूनच हा खेळ वाढला. पाचाच्या सुमारास लेखणी खाली ठेवावयाची आणि तडक मैदान गाठावयाचे, हा जसा खेळाडूंचा क्रम तसाच प्रेक्षकांचाही. १८९८ साली सुरू झालेल्या कलकत्ता लीगचे सामने कारकुनाच्या घड्याळावरच चालत. संध्याकाळी घरी उशिरा येणाऱ्या नवऱ्याची आणि मुलाची वाट पाहत चुलीवरची भाते निवून जात. त्या गृहिणींचा या इतिहासातील वाटा कोणीच लिहून ठेवलेला नाही.

आणि ज्यांना तिकीट मिळत नसे? त्यांच्यासाठी किल्ल्याचा उतरता मातीचा बांध होता. त्याला 'रॅम्पार्ट' म्हणत. सामन्याच्या दिवशी तेथे माणसांची भिंत उभी राही. मागच्यांना दिसावे म्हणून पुठ्ठ्याच्या नळीत दोन आरसे बसवून केलेल्या दुर्बिणी वापरीत, पाणबुडीतील 'पेरिस्कोप'चीच ती गरीब बहीण! घोडेस्वार पोलीस रांगा सरळ करीत फिरत, त्यांच्या घोड्यांच्या टापांनी उडालेला चिखल पांढऱ्या धोतरांवर बसे, आणि तरीही दुसऱ्या दिवशी तीच माणसे पुन्हा उभी असत.

चिखलाचा उल्लेख आलाच आहे. हा खेळ येथे ऐन पावसाळ्यात चालतो, आणि बंगालचा पाऊस म्हणजे कोकणच्या पावसाचा सख्खा भाऊ. कोरड्या गवतावर अनवाणी खेळाडू वाऱ्यासारखा धावे, पण सरींनी मैदानाचे शेत केले की पायांत बूट असलेल्या गोऱ्यांचे फावे. १८९१ साली स्थापन झालेल्या मोहमेडन स्पोर्टिंगने हे कोडे सरळ मार्गाने सोडविले. ओल्या मैदानावर त्यांनी हलके बूट घातले. १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षे लीगचे विजेतेपद त्यांच्याकडे राहिले. ती लीग जिंकणारा पहिला भारतीय क्लब हाच. अनवाणी पायांचा अभिमान मात्र सहजासहजी सुटला नाही. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सशी १-२ असे थोडक्यात हरले. त्या संघाचे कर्णधार डॉ. तालिमेरेन आओ हे नागा टेकड्यांतून वैद्यकी शिकण्यासाठी कोलकात्यास आले होते आणि याच मैदानावर मोहन बागानकडून खेळत होते. पुढे १९५२ मध्ये हेलसिंकीला युगोस्लाव्हियाने आपणांस १०-१ असे धुऊन काढले, तेव्हा मात्र बुटांचा वाद मिटला.

ईस्ट बेंगॉलचा जन्म रुसव्यातून झाला. १९२० मध्ये जोडाबागान क्लबने मोहन बागानविरुद्धच्या सामन्यात शैलेश बोस या खेळाडूस कारण न देता वगळले. उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी त्यामुळे चिडून बाहेर पडले आणि १ ऑगस्ट रोजी त्यांनी सोबत्यांसह नवा क्लब काढला. पद्मेपलीकडून आलेल्या माणसांस कोलकात्यात 'बांगाल' म्हणून हिणवीत. क्लबचे नावच त्यांच्या मुलखाचे. लाल आणि सोनेरी हे त्याचे रंग, तर मोहन बागानचा लालसर तपकिरी आणि हिरवा. एकाचा विजय झाला की बाजारात हिलसा मासा महाग, दुसऱ्याचा झाला की कोळंबी महाग, ही थट्टा आपल्याही कानी आली असेल.

परंतु १९४७ नंतर ही थट्टा राहिली नाही. फाळणीने लक्षावधी माणसे घरदार टाकून सीमेपलीकडून आली. सियालदह स्थानकाचे फलाट ही त्यांची पहिली वस्ती झाली. ज्यांचा गाव नकाशातून परदेशात गेला, त्यांच्या गावाचे नाव उच्चारणारी एक तरी गोष्ट या शहरात होती, आणि ती म्हणजे मैदानावरचा एक तंबू. त्या वर्षांत, १९४९ पासून, अप्पाराव, व्यंकटेश, धनराज, अहमद खान आणि सालेह या पाच जणांची आघाडी ईस्ट बेंगॉलकडे होती. लोक त्यांना 'पंचपांडव' म्हणत. पाचही जण दक्षिण भारतातले, एकही बंगाली नाही! निर्वासितांनी त्यांना आपले मानण्यात क्षणाचाही विलंब लावला नाही. उलट बाजूही तितकीच मौजेची आहे. मोहन बागानचा 'चिनी भिंत' म्हणून गाजलेला बचावपटू गोष्ठ पाल हा जन्माने पूर्व बंगालातील फरीदपूरचा. १९११ च्या विजयी वीरांपैकीही अनेकजण तिकडचेच. गोष्ठ पालांचा पुतळा मैदानाच्या कडेला उभा आहे आणि तेथल्या रस्त्यास त्यांचे नाव आहे. १९६२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि हा मान मिळविणारे ते पहिले फुटबॉलपटू ठरले. 'घोटी' आणि 'बांगाल' या वादात कोणी हमरीतुमरीवर आला, तर त्या पुतळ्याकडे बोट दाखवावे.

आता तंबूत डोकावू. येथील खरा गृहस्थ म्हणजे 'माळी'. पुष्कळसे माळी ओडिशातून आलेले. गवत कापणे, चुन्याच्या रेषा आखणे, जाळी बांधणे हे त्यांचे काम, आणि खेळाडूंचे चिखलाने माखलेले कपडे धुणे हेही त्यांचेच. कित्येक पोरसवदा खेळाडू परगावाहून येऊन तंबूतच माळ्याच्या हातचे जेवून वाढले. मैदानावरील लहानमोठ्या तंबूंच्या उपाहारगृहांत मिळणारा कोंबडीचा पातळ रस्सा आणि भाजलेला पाव प्रसिद्ध आहे. त्याला तेथे 'स्ट्यू' म्हणतात. तो मिऱ्याचा, अगदी सौम्य असतो. कोल्हापुरी जिभेस तो आजाऱ्याच्या पथ्यासारखा लागेल, तरी चाखून पाहावा.

कोल्हापूरचे नाव अनायासे निघाले नाही. आपल्याकडे फुटबॉलचे असे वेड कोठे असेल तर ते तेथेच. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम ही क्लबांची नावेच सांगतात की पेठेतील कुस्तीच्या तालमीने चेंडूलाही पोटाशी घेतले. तेथे लाल मातीचा हौदा आणि येथे हिरव्या गवताचा तंबू, परंतु नाते एकच: खेळाडू पेठेचा आणि पेठ खेळाडूची. मुंबईकरांनी तर या तिन्ही क्लबांस कूपरेजवर अनेक वर्षे प्रत्यक्ष पाहिले आहे. रोव्हर्स कप मोहमेडनने १९४० साली, ईस्ट बेंगॉलने १९४९ साली आणि मोहन बागानने १९५५ साली प्रथम नेला. १८९१ पासूनची ती स्पर्धाच २०००-०१ नंतर बंद पडली, हे आपणांस काही भूषणावह नाही.

सराव पाहण्याची रीत येथे सामना पाहण्याइतकीच जुनी आहे. सकाळी लवकर येऊन कठड्याशी उभे राहणारे सेवानिवृत्त वृद्ध, शाळा चुकवून आलेली मुले, नव्या खेळाडूचे पाऊल पारखणारे स्वयंघोषित तज्ज्ञ. यांच्या टीकेने कित्येक प्रशिक्षकांची झोप उडविली आहे. एखाद्या सरावानंतर प्रशिक्षकाने प्रेमिकांसमोर उभे राहून उत्तरे द्यावीत, हे अन्यत्र क्वचितच घडत असेल. या प्रेमाची काळी बाजूही आहे, ती लपविण्यात अर्थ नाही. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डनवर मोहन बागान आणि ईस्ट बेंगॉल यांच्या सामन्यात प्रेक्षकांत मारामारी होऊन चेंगराचेंगरीत १६ जण मरण पावले. घरून खेळ पाहावयास गेलेली ती मुले आणि माणसे परत आली नाहीत. त्यांच्या स्मरणार्थ दर वर्षी त्या दिवशी रक्तदान करण्याचा प्रघात पडला.

त्यानंतर १९८४ मध्ये विधाननगरात प्रचंड स्टेडियम उभे राहिले आणि मोठे सामने तिकडे गेले. १३ जुलै १९९७ रोजी तेथे या दोन क्लबांच्या सामन्यास सुमारे १ लक्ष ३१ हजार प्रेक्षक होते. मोहन बागान आणि ईस्ट बेंगॉल २०२० मध्ये व्यावसायिक इंडियन सुपर लीगमध्ये दाखल झाले, मोहमेडन २०२४ मध्ये. आता खेळाडू परदेशी, प्रशिक्षक परदेशी, भांडवल उद्योगगृहांचे. अलीकडच्या वर्षांत पहिल्या संघांचा सराव बहुधा विधाननगरच्या स्टेडियमलगतच्या मैदानांवर होतो, आणि पुष्कळदा दारे लावून.

याचा दोष कोणाला द्यावा हे सांगणे कठीण आहे. पावसात खचणारे मैदान, एका वेळी चार संघांचा वापर, आधुनिक व्यायामशाळेस जागा नाही, आणि ती बांधावी तर सैन्याची परवानगी नाही. अशा जागी लाखो रुपये घेणाऱ्या खेळाडूच्या पायांचा धोका कोण पत्करील? ऑस्ट्रेलियात मेलबर्न शहरी हेच घडले. तेथील फुटबॉल निराळा. अठरा खेळाडूंचा आणि लंबगोल मैदानाचा. कॉलिंगवूड हा तेथील कष्टकरी वस्तीचा क्लब १८९२ पासून व्हिक्टोरिया पार्क या मैदानावर नांदला. १९९९ नंतर तेथील मोठे सामने संपले, पुढे सरावही नव्या सोयीच्या जागी हलला. मग नगरपालिकेने कुंपण काढून ते मैदान लोकांना फिरावयास मोकळे केले. कोलकात्याचे तंबू अद्याप त्या अवस्थेस आलेले नाहीत. कलकत्ता लीगचे सामने आणि तरुण संघांचा सराव या मैदानांवर होत असतो. तथापि कठड्याशी उभ्या असलेल्या वृद्धास आज ज्याचे नाव वर्तमानपत्रात येते तो खेळाडू दहा हातांवर दिसत नाही, आणि खेळाडूसही तो वृद्ध दिसत नाही. पैशाने यांपैकी कोणाचीच भरपाई होण्यासारखी नाही, असे आमचे मत आहे.

आपण जाल तेव्हा जुलै-ऑगस्टचे दिवस निवडावे. छत्री घ्यावी, जुनी पादत्राणे घालावी. तंबूच्या फाटकाशी कोणी अडविलेच, तर दूरवरून, महाराष्ट्रातून आलो आहोत, एवढे सांगावे. बंगाली माणूस खेळाविषयी विचारणाऱ्यास सहसा परत पाठवीत नाही. २९ जुलै जमला तर उत्तमच, कारण तो मोहन बागानचा उत्सवदिन. १ ऑगस्टही लागूनच येतो. त्या दिवशी पलीकडच्या तंबूवर लाल-सोनेरी निशाण चढते. तीन दिवसांच्या अंतराने दोन्ही घरची पंगत पदरात पडते. मात्र पहिल्या घरी असताना दुसऱ्या घरी जाणार असल्याचे सांगू नये.